पांढरीची कहाणी कोणी सांगावयाची?

आपल्या देशावरील शेतकऱ्याच्या बोलीत जमीन दोन प्रकारची: पिकते ती काळी आणि जिच्यावर गाव वसते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून पांढरी बनते. नदीकाठी असे एखादे उजाड टेकाड दिसले की पुरातत्त्वज्ञ तेथे थांबतो. शेतकरीही थांबतो, पण गाडी घेऊन. कारण ही माती खत म्हणून उत्तम, हे त्यास ठाऊक असते. अशी कित्येक टेकाडे शेतांत पसरली गेली. त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देणारे पुष्कळ भेटतात. आम्ही मात्र विचारतो, त्या मातीत काय आहे हे त्याच्या भाषेत त्याला कोणी सांगितले होते काय?

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. मूल वारले, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवीत व घरातल्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसास पुरताना त्याची पावले तोडीत. हे ऐकून ज्याचे कान टवकारले नाहीत असा विद्यार्थी आम्ही अद्याप पाहिला नाही! परंतु या उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ साली निघाला तो इंग्रजीत. अहवाल तसाच असावयाचा. खापरांची मापे व थरांच्या आकृत्या गोष्टीरूपाने देता येत नाहीत. आमचे म्हणणे इतकेच, की काम तेथे संपले असे मानू नये. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी तसे मानले नाही. मातृभाषा गुजराती असूनही त्यांनी डॉ. म. श्री. माटे यांच्यासह ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. पुढे डॉ. म. के. ढवळीकर यांनीही मराठी वाचकांसाठी पुष्कळ लिहिले.

मात्र सांगावयाचे कसे, हा प्रश्न नाजूक आहे. पावले तोडलेली होती, हे डोळ्यांनी पाहिलेले. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून ती तोडली असावीत, हा तर्क. धान्याच्या कोठाराजवळ पाच खोल्यांचे घर सापडले, हे पाहिलेले. ते गावच्या प्रमुखाचे होते, हे अनुमान. हौशी लेखक दोन्ही एकाच दमात सांगून मोकळा होतो. काही विद्वानांस वाटते, की ‘बहुधा’ आणि ‘असावे’ यांनी सामान्य वाचक गोंधळेल. आम्हांस हे मुळीच पटत नाही. मृगाच्या तोंडी आभाळाकडे पाहून पेरणी ठरविणाऱ्या माणसास अंदाज म्हणजे काय, हे दुसऱ्याने शिकवावयास नको.

आमच्या मते प्रत्येक उत्खननाचे खड्डे बुजविण्यापूर्वी एक दिवस गावकऱ्यांचा व शाळेच्या मुलांचा असावा. खापर हाती द्यावे, थर बोटाने दाखवावा, आणि ‘हे तुम्हांस कसे कळले?’ असे पोराने विचारले तर उत्तर देण्यास तेथे कोणी जाणता उभा असावा.

तोवर एक काम आमच्या विद्यार्थ्यांसही करता येईल. ज्यांच्या गावी असे टेकाड असेल त्यांनी दिवाळीच्या सुटीत आजोबांस विचारावे, की त्या टेकाडास गावात काय म्हणतात व त्याची माती कोणकोणाच्या शेतात गेली. तेथे काही उकरू नये. जे कळेल ते तारीख घालून लिहावे आणि शाळा उघडताच आम्हांकडे आणून द्यावे.