माठ वाजवून घेताना

"मुलं लहान म्हणून नोकरी सोडली, आता ती शाळेत जायला लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकावं म्हणते, पण प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. जमेल का?" अशा अर्थाची पत्रे हल्ली वरचेवर येतात.

सुरुवात तर नक्की जमेल. कारण या कामाचा एक मोठा भाग असा आहे की, त्यात प्रोग्रॅमच्या आत डोकवायचेच नसते. त्याला ब्लॅक बॉक्स टेस्टिंग म्हणतात. माठ घेताना आपण माती कुठली, भट्टी किती तापली हे विचारत बसत नाही. टिचकी मारतो आणि आवाज ऐकतो. इथेही तसेच. बाहेरून माहिती द्यायची आणि उत्तर काय येते ते पाहायचे. मात्र चांगल्या माठाचा आवाज कसा असतो, हे आधी ठाऊक हवे. म्हणजेच प्रोग्रॅमने काय करायला हवे, तो नियम हाती असल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही.

आपल्या एसटीचेच तिकीट घ्या. ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धे तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे. समजा, हे भाडे काढणारा प्रोग्रॅम तुमच्यापुढे ठेवला, तर शंभर वये शंभरदा घालून पाहणार का? मुळीच नको. आधी फक्त पुरुष प्रवासी घ्या. त्यांच्या वयाचे पाच गट पडतात: पाचच्या आतले, अर्ध्या तिकिटाचे, पूर्ण भाड्याचे, निम्म्या भाड्याचे आणि मोफत. प्रत्येक गटातले एकेक वय घालून पाहा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तीच ही!

पण भात मधे शिजलेला असतो आणि कडेला कच्चा राहतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. प्रोग्रॅममधल्या चुका अशाच कडेला सापडतात. लिहिणाऱ्याने '७५ किंवा जास्त' ऐवजी '७५ पेक्षा जास्त' असे लिहिले की झाले! ७४ ला उत्तर बरोबर, ७६ ला बरोबर, आणि नुकती पंचाहत्तरी झालेले आजोबा वर्षभर निम्मे भाडे भरत राहणार. म्हणून ६४, ६५, ७४, ७५ ही वये घातल्याशिवाय उठायचे नाही. आणि '५ ते १२' म्हणजे बारावा वाढदिवस झालेला मुलगा आत की बाहेर? नुसत्या वाक्यावरून कळत नाही. अशा वेळी मनाने ठरवू नका, सरळ विचारा. माझ्या मते, असे प्रश्न विचारता येणे हीच या कामातली निम्मी हुशारी.

आता दोन नियम एकत्र आणा. आठ वर्षांची मुलगी मूल म्हणून निम्म्यात, बाई म्हणून पुन्हा निम्म्यात. मग पाव तिकीट? छे, निम्मेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी निम्म्यात की फुकट? फुकट. आणि सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे कोल्हापूरहून पणजीला निघालेल्या बाईचे भाडे वेगळे तपासायला हवे. यासाठी वहीत रकाने आखून तक्ता करावा. तोंडी हिशेबात एखादी जोडी हमखास निसटते. मग थोडा खोडसाळपणाही करावा: वय उणे ३, वय १५०, रिकामी जागा, आकड्याऐवजी अक्षर.

चूक सापडली की "अ‍ॅप चालत नाही" एवढेच कळवून भागत नाही, बरं का. काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे क्रमाने लिहायचे. पाककृतीसारखेच, पण 'चवीनुसार' हा शब्द इथे चालत नाही. तुमचे वाचून दुसरीलाही तोच पदार्थ तसाच बिघडवता आला पाहिजे!

या विषयाची आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा असते. प्रश्न ४०, वेळ ६० मिनिटे, २६ गुणांना उत्तीर्ण. अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत मिळतो. तेव्हा नोकरीची हमी देणाऱ्या एखाद्या क्लासासाठी दागिना मोडू नका. आणि नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल, या भ्रमातही राहू नका. पुढे थोडे प्रोग्रॅमिंग आणि एसक्यूएल शिकावे लागेलच.

तूर्त कागद-पेन्सिल पुरे. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या १९७९ सालच्या पुस्तकात एक कोडे आहे. प्रोग्रॅमला तीन बाजूंची लांबी द्यायची, त्याने त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगायचे. तो तपासायला कोणकोणते आकडे घालाल? दुपारच्या निवांत वेळी यादी करा. त्यात १, २, ३ आहेत का, तेवढे पाहा. या बाजूंचा त्रिकोण होतच नाही.