हायवेची पाटी नकाशात उतरवू या

धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्याला खान्देशात अजून ‘सहा नंबर’ म्हणणारे पुष्कळ आहेत. केंद्र सरकारने २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले आणि हा रस्ता ५३ झाला. आजचा ६ क्रमांक शिलाँगवरून मिझोरमकडे जाणाऱ्या रस्त्याचा आहे. मुंबई-आग्रा रस्त्याचा ३ क्रमांक अमृतसर, मनाली, लेहच्या रस्त्याकडे गेला. धुळ्याला पूर्वी ३, ६ आणि २११ एकत्र येत. आता ५२, ५३ आणि ६० भेटतात. बोलताना जुना आकडा तोंडात आला तर काही बिघडत नाही. पण पेट्रोल पंपाच्या किंवा लॉन्सच्या पत्त्यात, डिजिटल नकाशात तोच राहिला, तर परगावचा ड्रायव्हर समोरच्या पाटीवर ५३ पाहतो आणि हातातल्या पत्त्यात ६ वाचतो. आपण चुकलो की काय, या शंकेने तो भर हायवेवर गाडी हळू करतो. तेवढ्यानेही अपघात होतो.

म्हणून ही विनंती आहे. आपल्या गावाजवळचा महामार्ग नकाशात नीट लिहिला आहे का, ते एकदा पाहा. नसेल तर दुरुस्त करा.

नव्या क्रमांकांची रीत समजायला सोपी आहे. दक्षिणोत्तर जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. इंदूरकडून शिरपूर, धुळे, चाळीसगाव करत सोलापूरकडे उतरणारा ५२. सुरतेहून नागपूरकडे जाणारा ५३. तीन आकडी क्रमांक फाट्यांचे असतात आणि त्यांचे शेवटचे दोन आकडे मुख्य रस्त्याचे असतात. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा ७५३ एफ, पाचोरा-चाळीसगावमार्गे मनमाडला जाणारा ७५३ जे. शेवटचे अक्षर गाळू नका. ते गाळले तर दोन वेगळे रस्ते नकाशात एकच होतात.

क्रमांकापेक्षा जास्त काळजी मला दिशेची वाटते. रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, की एका रस्त्याच्या दोन बाजू होतात. अपघाताची खबर देणारा माणूस ‘पारोळ्याच्या पुढे’ एवढेच सांगतो. पुढे म्हणजे धुळ्याकडे की एरंडोलकडे? ॲम्ब्युलन्स चुकीच्या बाजूने निघाली तर दुभाजकातली पुढची फट येईपर्यंत तिला वळता येत नाही, आणि जखमी माणूस पलीकडच्या बाजूला पडून असतो. १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर किंवा १०८ वर फोन करताना रस्त्याचा क्रमांक, जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि गाडी कोणत्या गावाकडे चालली होती, या तिन्ही गोष्टी सांगा. घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा.

नकाशातही दिशा अशीच गावाच्या नावाने लिहावी. अमेरिकेत महामार्गाच्या पाटीवर क्रमांकाजवळ पूर्व किंवा पश्चिम असे लिहिलेले असते, म्हणून तिथल्या नकाशात ते शोभते. आपल्याकडे पाटीवर गाव असते. ‘ईशान्येकडे जा’ असा आवाज फोनमधून आला तर फाट्यावर उभ्या माणसाला त्यातून काही कळत नाही. रस्ता वळणावर उत्तरेलाही तोंड करतो, दक्षिणेलाही. पाटीवर नागपूर असेल तर नागपूर लिहा, सुरत असेल तर सुरत. मनाने एखादे गाव घालू नका.

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणालाही खाते उघडून दुरुस्त करता येतो. तिथे चालू क्रमांकाचा रकाना वेगळा आणि जुन्या क्रमांकाचा वेगळा आहे. ६ पुसून टाकायचा नाही, त्याला जुन्याच्या रकान्यात ठेवायचे. जुना पत्ता शोधणाऱ्याला तो उपयोगी पडतो. दुभाजक असलेला रस्ता दोन एकेरी रेषांनी काढतात आणि फाट्यावर सुटणाऱ्या जोडरस्त्याला तो कोणत्या गावाकडे नेतो ते लिहितात. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून बघून उतरवणे मात्र नियमात बसत नाही. स्वतः पाहिलेली पाटी हाच पुरावा धरा. इतर नकाशांमध्येही चूक कळवण्याची सोय असते, ती वापरा.

पाटीचा फोटो मागे बसलेल्याने काढावा. गाडी चालवणाऱ्याने कधीही नाही.

शहरांच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. धुळ्यातला आग्रा रोड आज बाजारपेठ आहे. नाव आग्र्याचे म्हणून त्यावर महामार्गाचा क्रमांक चढवला तर ट्रक थेट गर्दीत शिरेल. जळगावला पाळधी ते तरसोद या बाह्यवळणामुळे शहरातला जुना रस्ता आणि बाहेरचा नवा यांत घोटाळा होऊ शकतो. इथे ऐकीव माहितीवर काही बदलू नका. दोन्ही टोकांना जाऊन पाट्या वाचा, मगच लिहा. आणि पाटीच चुकीची किंवा पडलेली दिसली, तर नकाशाला हात लावण्याआधी ती १०३३ वर कळवा.