कात्रीची वेळ, सुईची वेळ

मैत्रिणींनो, या वेळी एकाच पत्राला सगळी जागा देते आहे. पत्र शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीचं आहे, पण शिकवण्या घेणाऱ्या, डबे देणाऱ्या, घरातच पार्लर चालवणाऱ्या पुष्कळजणींचं गाऱ्हाणं त्यात सापडेल.

या बाई अकरा वर्षं घरी ब्लाऊज शिवतात. हात चांगला आहे. गळा नेमका बसतो, मुंढ्याला चुणी पडत नाही. तरीही गेल्या लग्नसराईत एका नवरीचे पाच ब्लाऊज वेळेवर झाले नाहीत आणि ते अख्खं घर दुसरीकडे गेलं. कपाटात आणखी अकरा ब्लाऊजपीस पडून आहेत. मुलगी बारावीला, क्लासच्या फीचा दुसरा हप्ता तोंडावर आलेला. त्या लिहितात, "दिवसभर मशीनवर बसून पाठ मोडते, आणि महिन्याअखेरी हातात काही उरत नाही. हे म्हणतात, बंद कर हा उद्योग. काय करू?"

बंद करू नका, हे आधी सांगते. मात्र "दिवसभर" म्हणजे नक्की काय, ते कळल्याखेरीज सल्ला देण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांना आठवडाभर वही ठेवायला सांगितली. कोणतं काम, किती वेळ, किती पैसे, एवढंच लिहायचं. वही आली आणि दुखणं कुठे आहे ते लगेच दिसलं.

त्या आठवड्यात त्यांनी अठरा साड्यांना फॉल-पिको केला. साडीमागे १०० रुपये घेतले, त्यातले ३० फॉल-दोऱ्याचे. उरले १,२६०, आणि वेळ गेला पंधरा तास. किरकोळ दुरुस्त्या पंचवीस: पँट आखूड कर, चेन बदल, शिलाई सैल कर. त्यातल्या नऊ "अगं, एक टाका तर घालायचाय" म्हणून फुकट. बाकीच्यांचे मिळाले ४८०, तास गेले दहा. अस्तराचे ब्लाऊज झाले फक्त पाच. ५०० रुपये शिलाई, ७० रुपये अस्तर-हुकांचे वजा जाता २,१५० सुटले, साडेबारा तासांत. म्हणजे एक तृतीयांश वेळात निम्म्याहून अधिक पैसा! आणि ज्या कामात तो आहे, तेच कपाटात थांबलेलं.

वहीत आणखी एक गोष्ट होती, ती मला पैशांपेक्षा मोठी वाटते. कटिंग सगळं रात्री साडेदहानंतर, ट्यूबलाइटखाली, दमल्या अंगाने. सकाळचा चांगला उजेड फॉल लावण्यात संपत होता. आता शिवणाऱ्या बाईला मी काय सांगावं! पण शिलाई चुकली तर उसवता येते. कापड चुकीचं कापलं गेलं तर पैठणीचा ब्लाऊजपीस कुठून आणणार? माया ठेवलेली असली तर थोडंफार सावरतं, पण गळाच खोल गेला तर माया काय करणार? माप घेणं, गिऱ्हाइकाच्या खांद्याची ठेवण बघणं, बेतणं, कापणं, यासाठी लोक तुमच्याकडे येतात. हूक लावायला येत नाहीत.

जोसेफ जुरान नावाचे एक अभियंते होते. जन्म रुमानियातला, १९०४ चा. लहानपणीच अमेरिकेत गेले आणि १९२४ साली टेलिफोनचं साहित्य बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मालातले बहुतेक दोष मोजक्याच कारणांतून येतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्या गोष्टीला पारेतो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाचं नाव दिलं. पारेतोंनी खरं तर संपत्ती कशी विषम वाटली जाते तेवढंच मांडलं होतं. आपण ते सगळीकडे ओढून नेलं, हे जुराननी १९७५ साली स्वतःच लिहून टाकलं. तेव्हा ऐंशी-वीसचा हिशोब कुणी सांगितला की तो काट्यावर तोलायला जाऊ नका. मला त्यांची दुसरी दुरुस्ती अधिक आवडते. मोजकी महत्त्वाची कारणं सोडून उरलेल्यांना ते आधी "क्षुल्लक" म्हणत. पुढे तो शब्द त्यांना खटकला आणि ते "उपयुक्त" म्हणू लागले. फॉल-पिको क्षुल्लक नाही, बरं का. त्यावाचून साडी नेसता येत नाही. प्रश्न एवढाच, की तो तुमच्याच हाताने, सकाळी दहाच्या उजेडात व्हायला हवा का?

लिज्जत पापडाचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथे लाटणं घरोघरी होतं, पण पीठ मात्र केंद्रातच भिजवतात. पापडाची चव पिठात असते, म्हणून ते एका जागी राखलं आणि लाटणं शेकडो हातांत दिलं. तुमचं पीठ म्हणजे कात्री.

आता करायचं काय? पिको मशीनवर दहा मिनिटांत होतो, तो तुमच्याकडे राहू द्या. वेळ खाते ती फॉलची हातशिलाई. ती शेजारच्या एखाद्या गरजू बाईला साडीमागे ५० रुपये देऊन सोपवा. (तिला पंचवीसवर पिळू नका, ती टिकली पाहिजे.) आठवड्याचे ९०० रुपये जातील, पण बारा तास सुटतील. त्यात पाचेक ब्लाऊज बसतात, म्हणजे २,१५०. वजा जाता साडेबाराशे जास्तच. सुरुवातीचे पंधरा दिवस तिचे टाके तपासावे लागतील, तो वेळ धरा.

सकाळी दहा ते बारा फक्त कटिंग. अस्तर आदल्या रात्री भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवा. या दोन तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर गळ्यांचे फोटो बघायचे नाहीत, आणि दारही तुम्ही उघडायचं नाही. पत्रात सासूबाईंचा उल्लेख आहे. त्यांना वही-पेन द्या. आलेल्या बाईचं नाव आणि काम त्या लिहून घेतील. घरात बसून राहण्यापेक्षा त्यांनाही ते आवडेल, असा माझा अंदाज. सिलिंडरवाला, इस्त्रीवाला, कुरिअर यांचं यजमानांनी किंवा मुलीने बघायचं. "घरीच तर असतेस" हे वाक्य दहा ते बारा घरात बंद!

दुरुस्त्या गुरुवारी दुपारीच घ्यायच्या आणि किमान दर ५० रुपये. सांगायला जड जातं, कबूल. नऊ फुकट कामांपैकी चार नणंदेच्या मैत्रिणींची होती! तोंडाने सांगण्यापेक्षा दारात पाटी लावा, म्हणजे पाटीच बोलते. वरच्या मजल्यावरच्या आजींचं परकर-नाडीचं काम मात्र तसंच फुकट राहू द्या. सगळंच हिशोबाच्या वहीत घालायचं नसतं.

राहिले कपाटातले अकरा पीस. प्रत्येक पिशवीवर कार्यक्रमाची तारीख लिहा आणि त्या क्रमाने बेता. अकराही जणींना आज संध्याकाळीच फोन करून खरी तारीख सांगा, मन राखायला अलीकडची नको. दोघी-तिघी पीस परत मागतील. देऊन टाका.