'पॅटर्न'चा अर्थ काय?

दिवाळीच्या सुटीनंतर एस.टी.ने लातूरहून नांदेडला परत येत होतो. शेजारच्या गृहस्थांनी चौकशी केली, "काय शिकतोस?" म्हटले, "बी.ए., दुसरे वर्ष." ते हळहळले, "लातूरचा असून पॅटर्नमधी नाही गेलास?" मी गप्प बसलो, पण तो शब्द डोक्यातून गेला नाही.

हा इंग्रजी शब्द आपल्याकडे किती रूपांनी वावरतो पाहा! शिंप्याकडे पॅटर्न म्हणजे कापड बेतण्यासाठी कापलेला कागद. साडीच्या दुकानात तो नक्षी होतो. विद्यापीठात जुना पॅटर्न, नवा पॅटर्न, सेमिस्टर पॅटर्न. आणि पारावर "त्याचा पॅटर्नच येगळा हाय" म्हणजे तो गडी कुणासारखाच नाही!

मूळ अर्थ मात्र उलटा. इंग्रजीतील 'पॅटर्न' आणि 'पेट्रन' हे एकाच शब्दातून निघाले. त्याच्या मुळाशी बाप या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ज्याचे अनुकरण करावे तो पॅटर्न. आपल्या 'नमुना' शब्दाचीही हीच गत आहे. नमुना उत्तरपत्रिका गिरवायची असते, आणि "काय नमुना आहे!" म्हणजे जगावेगळा माणूस.

'लातूर पॅटर्न'ला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, चुका दाखवून परत दिलेल्या उत्तरपत्रिका आणि त्यांवर पुन्हा मेहनत, या साध्या रीतीने खेड्यांतील मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने उभे केले. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. अशा घरात गिरवायला कित्ता नसतो; म्हणून तयार कित्त्याचे मोल मी जाणतो.

खंत वेगळीच आहे. आज हा शब्द आक्रसला आहे. पॅटर्न म्हणजे विज्ञान शाखा, शिकवणी आणि 'नीट'. बाकीचे सारे पॅटर्नबाहेरचे! पण ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयामुळे हे नाव गाजले, त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. नांदेडचे आपले विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. म्हणजे कला शाखेचाच माणूस की!

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ज्यांनी लातूर पॅटर्न घडवला, त्यांच्यापुढे कोणताच लातूर पॅटर्न नव्हता. आपल्या मुलांची अडचण पाहून त्यांनी स्वतःची वाट काढली. मग त्यांचा खरा वारसा कोणता? त्यांची वाट डोळे मिटून तुडवणे, की आपल्या अडचणीतून आपली वाट काढणे? इतिहास, मराठी, अर्थशास्त्र शिकणाऱ्या आपण मुलांनी तरी स्वतःला पॅटर्नबाहेरचे समजून मान खाली घालू नये.

ते गृहस्थ पुन्हा भेटले तर गप्प बसणार नाही. सांगेन, "काका, पॅटर्नमधीच गेलोय, फक्त पारावरच्या अर्थानं!"