बहिऱ्याला भोंगा, आंधळ्याला पोस्टर

सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर एक वाक्य वर्षानुवर्षं रंगवलेलं आहे : जानकारी ही बचाव. वाक्य खरं आहे. एड्सवर लस निघालेली नाही, तेव्हा माहिती हीच लस. मग आमचा सवाल सरळ आहे. ही लस कुणाला टोचली नि कुणाला टोचलीच नाही?

भिंतीवर लिहिलं ते आंधळ्याला दिसलं नाही. रिक्षाला भोंगा बांधून गावभर ओरडले ते बहिऱ्याच्या कानापर्यंत गेलं नाही. पथनाट्य चौकात झालं, पण खाटेवर पडलेल्या पोलिओच्या पोरीला चौकात कुणी उचलून नेलं नाही. पुस्तिका निघाली ती पुस्तकी मराठीत. मतिमंद पोराला ती चित्रं दाखवून कुणी समजावली नाही, नि घरात अहिराणी किंवा पावरी बोलणारी त्याची मायही ती वाचू शकली नाही. वर अहवाल मात्र गेला : ‘सर्वांपर्यंत पोचलो.’ ह्या ‘सर्वां’ची ओळख आम्हाला नवी नाही. गावची विहीरसुद्धा सर्वांचीच म्हणायचे.

खानदेशचा नकाशा समोर घ्या. धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता नि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना कापतात. तोच नागपूरचा रस्ता पुढं एरंडोल, जळगाव, भुसावळ करत जातो. भुसावळ म्हणजे रेल्वेचं जंक्शन. रावेर-यावलची केळी ट्रकमधून नि वॅगनमधून उत्तरेला जातात, सातपुड्यातली माणसं मजुरीला गुजरातेत उतरतात. १९८६ साली मद्रासमध्ये देशातला पहिला एच.आय.व्ही. सापडला. त्यानंतर सरकारनं माणसांच्या याद्या केल्या. शरीर विकून पोट भरणाऱ्या बाया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईनं नशा करणारे, ट्रकवाले, स्थलांतरित मजूर. ह्या याद्यांवर काम झालं, निरोध वाटले गेले, तपासण्या झाल्या, नव्या लागणी घटल्या. हे नाकारायचं कारण नाही. तरीही महाराष्ट्रात आज सुमारे ४ लाख माणसं हा विषाणू अंगात घेऊन जगतात. देशात सगळ्यात जास्त इथंच.

आणि २०११ च्या जनगणनेनं ह्याच महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले. ते ह्या याद्यांत कुठंच नाहीत. का नाहीत?

कारण यादी करणाऱ्याच्या डोक्यात एक घाण रुतून बसलीय. अपंगाला लिंग नसतं. पांगळ्याला भूक लागते हे त्याला मान्य आहे, म्हणून तो ताटात भाकर टाकतो. पण त्याच पांगळ्याच्या देहाला दुसरा देह हवासा वाटतो, हे म्हटलं की साहेब खाली बघतो, बाई पदर सावरते, गुरुजी विषय बदलतात. गावात तर सरळ म्हणतात, लंगड्याला पोरगी कोण देणार? नाही दिली पोरगी. मग काय त्याचं वय वाढायचं थांबलं? हमरस्त्यावरच्या ज्या धाब्यामागं धडधाकट जातो, तिथंच तोही जातो. फरक एवढाच की धडधाकटाला निरोध कसा वापरायचा हे कुणीतरी सांगितलेलं असतं.

बाईचं तर ह्याहून वाईट. आंधळ्या बाईला हात कुणाचा होता ते सांगता येत नाही, मुक्या बाईला नाव घेता येत नाही, मतिमंद पोरीचं बोलणं कुणी खरं धरत नाही. नराधमाला ह्याहून सोयीचं सावज कुठलं? पनवेलजवळ कळंबोलीच्या आश्रमातले मतिमंद मुलींवरचे अत्याचार २०११ साली उघडकीला आले, २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयानं शिक्षा सुनावल्या. त्याआधी १९९४ साली ह्याच पुरोगामी महाराष्ट्रात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली. कारण दिलं, पाळीची स्वच्छता राखता येत नाही. बोंब झाली तेव्हा थांबले. ह्या उपायात किती हुशारी भरलीय ते नीट बघा. गर्भाशय काढल्यानं बलात्कार थांबत नाही. एच.आय.व्ही. तर मुळीच थांबत नाही. थांबतो फक्त गर्भ, म्हणजे पुरावा.

हे आमचं एकट्याचं म्हणणं नाही. २००४ साली येल विद्यापीठ नि जागतिक बँकेनं जगभरच्या अपंगांची नि एड्सची पाहणी केली. निष्कर्ष असा की अपंगांना धोका इतरांइतकाच, कित्येकदा जास्त. उपाय मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

आणि वाट दोन्हीकडून चालते. उपचार न झालेला एड्स माणसाला अपंग करतो. डोळ्यात दुसरा विषाणू शिरून नजर जाते, मेंदूत जंतू शिरून अर्धं अंग लुळं पडतं. पाठोपाठ टीबी येतो. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवर पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शनं देत, त्यानं कित्येकांचे कान गेले. म्हणजे काल माहिती ऐकू शकणारा माणूस आज बहिरा झाला, नि दवाखाना त्याच्याशी अजून भोंग्यातूनच बोलतोय.

आता कायदा बघू. २०१७ सालचा एच.आय.व्ही.-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तो म्हणतो, माणसाच्या जाणत्या संमतीशिवाय तपासणी नाही, तपासणीच्या आधी नि नंतर समुपदेशन, निकाल गुप्त. छान. आता एक बहिरी बाई तालुक्याच्या तपासणी केंद्रात येते असं धरा. टेबलामागचा पहिला प्रश्न येतो : ‘तुनासंगे कोन शे?’ संगे सासू असते, नाहीतर दीर. समुपदेशक दिराला विचारणार, दीर हातवारे करणार, बाई मान हलवणार. झाली संमती! नि निकाल? तो बाईच्या आधी दिराला कळणार, संध्याकाळपर्यंत गल्लीला. आंधळ्याच्या हातात कागद देतात, तो वाचून घ्यायला त्याला शेजाऱ्याकडं जावं लागतं. पांगळ्याला जिन्यावरून चौघं उचलतात, म्हणजे चौघांना कळतं की हा कुठल्या खोलीत गेला. कायद्यातली गुप्तता ही धडधाकट माणसाची गुप्तता आहे. अपंगाची गुप्तता दाराच्या उंबऱ्यावरच मोडते. नि ही बदनामी टाळायची म्हणून तो दारापर्यंतच येत नाही.

सरकार म्हणेल, हेल्पलाइन आहे ना, १०९७, फुकट. आहे. पण ती फोनवर बोलायची नि कानानं ऐकायची.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर ह्याहून स्पष्ट बोलतो. कलम १० म्हणतं, प्रजनन नि कुटुंब नियोजनाची माहिती अपंगांना मिळाली पाहिजे, नि मुक्त संमतीशिवाय कुणालाही वांझ करता येणार नाही. कलम २५ लैंगिक नि प्रजनन आरोग्यसेवेचं नाव घेऊन बोलतं. त्याच कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाला अपंगत्वात घेतलं. सिकलसेल म्हणजे सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांतला रोग. ह्यातल्या कित्येकांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. रक्तातून काय येऊ शकतं, पिशवी तपासलेली आहे का हे कसं विचारायचं, एवढं तरी त्यांच्या भाषेत कुणी सांगायला नको?

पण सांगण्याऐवजी सरकारनं नाव बदललं. अपंग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. हा डाव आम्ही ओळखतो. आम्हालाही कुणीतरी हरीचे जन केलं होतं. विहीर तशीच राहिली, देवळाचं दार तसंच राहिलं, फक्त नावाला देव चिकटला. ज्याला हक्क द्यायचा नसतो त्याला देवाच्या खात्यात टाकतात. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी वेगळं खातंही निघालं. निघालं ते बरंच झालं. आता त्या खात्यानं आरोग्य खात्याचं दार ठोठवावं. कारण जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात अपंग माणूस दाखल्यासाठी येतोच. बस बदलत येतो, रांगेत दिवस घालवतो, चाळीस टक्के की एकोणचाळीस हे ठरवून घेतो. बहुतेक ठिकाणी एच.आय.व्ही. तपासणीची खोलीही त्याच आवारात असते. त्याचा डोळा मोजतात, कान मोजतात, पाय मोजतात. आणि शेजारच्या खोलीत तुझ्या कामाची एक गोष्ट आहे, एवढं वाक्य त्याला कुणी बोलत नाही.

आता कुणीतरी म्हणेलच, आपल्या अंकात हा विषय कशाला? आधीच प्रश्न कमी आहेत का?

त्याला चाळीसगावला न्या. १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते नि खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडं होते. धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावातला बहिष्कार तपासून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता. टांगेवाले टांगा भाड्यानं द्यायला तयार, पण महाराला बसवून हाकायला तयार नाहीत. शेवटी वस्तीतल्याच ज्या माणसानं कधी लगाम धरला नव्हता त्यानं टांगा हाकला. पुलावर चाक अडलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, टांगा घोड्यासकट खाली नदीत गेला. उजवा पाय मोडला. डिसेंबर संपत येईपर्यंत ते अंथरुणात होते, नंतरही काठी घेऊन लंगडत चालत होते. घटनाकाराचा पाय मोडला तो जातीनं मोडला. जात माणसाला अपंग करते, हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आणि ती गोष्ट पुन्हा वाचा. टांगा दिला, हाकणारा दिला नाही. आज हेच चाललंय. कायदा दिला, दुभाषा दिला नाही. निरोध दिला, तो कसा चढवायचा हे आंधळ्याच्या हाताला धरून दाखवणारा दिला नाही. दिल्लीत २०१५ साली खुणांच्या भाषेचं केंद्र निघालं, २०२१ पर्यंत त्यांच्या कोशात १०,००० शब्दांच्या खुणा झाल्या. पण चोपड्याच्या, साक्रीच्या ज्या बहिऱ्या पोरानं शाळाच बघितली नाही, त्याच्यापर्यंत त्या खुणा नेणारा कोण? मग त्यानं स्वतःच हाकायचं, नि पुलावरून पडला तर म्हणायचं, नशीब त्याचं!

लैंगिक गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असंही कुणी म्हणेल. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. अख्खं सोवळं समाजकारण नाक मुरडत होतं, तेव्हा कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, मुद्दा हरला नाही. आणि त्यानंतर ७३ वर्षांनी, २००७ साली, ह्याच राज्यात आमदारांनी गदारोळ केला नि शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबलं. संस्कृती वाचली म्हणे. पोरं वाचायची राहिली.

कारण माहितीचा हिशेब अगदी रोकडा आहे. लागण होण्याजोगा प्रसंग किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर लागण टळू शकते. बहात्तर तास! ज्या मुक्या पोरीला हे माहीतच नाही, तिचे ते तीन दिवस रडण्यात जातात. लागण झाली तरी २००४ पासून सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. आज बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, तर संबंधातून तो जोडीदाराकडं जात नाही. गरोदर बाईनं वेळेवर औषध घेतलं तर बाळ जवळजवळ नेहमी वाचतं. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही. मरायचं कारणच उरलेलं नाही. ह्यानंतरही जो मरतो तो रोगानं मरत नाही, त्याला न सांगितल्यानं मरतो.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

एक. दाखल्याच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लावा. दाखल्याला येणाऱ्या प्रत्येकाला, बाईला बाईनं नि पुरुषाला पुरुषानं, बंद दाराआड एच.आय.व्ही.ची माहिती द्या. तपासणी त्याच्या मर्जीनं.

दोन. धुळे नि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांत खुणांची भाषा जाणणारा पगारी दुभाषा नेमा, गुप्ततेची शपथ घालून. सासू-दिराला दुभाषा करणं बंद.

तीन. आंधळ्याला ब्रेल येत असेल तर ब्रेल, नसेल तर मोबाइलवर ऐकता येईल असा आवाज. अहिराणीत, पावरीत. मतिमंदांसाठी चित्रं, नि त्यांच्या आईबापांसाठी वेगळी बैठक.

चार. अपंगांच्या प्रत्येक वसतिगृहात बाहेरच्या माणसांची देखरेख, नि मुलींना सांगता येईल अशा खुणा नि चित्रांनी ‘नको’ म्हणायचं शिक्षण.

पाच. एड्सच्या कामात अपंगांनाच नेमा. बहिऱ्याला बहिरा सांगेल, आंधळ्याला आंधळा. आमच्या वतीनं सवर्णांनी बोलावं हे आम्ही मान्य केलं नाही, तर ह्यांच्या वतीनं धडधाकटांनी बोलावं हे कसं मान्य करायचं?

सरकार हे उद्या करणार नाही. म्हणून, पोरांनो, माहितीचा अधिकार वापरा. आपल्या तालुक्याच्या केंद्राला लेखी विचारा : गेल्या वर्षात किती अपंग आले? दुभाषा आहे का? उतार आहे की पायऱ्या? उत्तराचा कागद इथं पाठवा, आम्ही छापू. दरवर्षी ३१ जुलैला, बाबासाहेबांच्या १९३७ सालच्या मुक्कामाच्या आठवणीला, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो माणूस जमतं. यंदा तिथं पुस्तकांच्या नि कॅसेटच्या जागी पेनड्राइव्हच्या दुकानांमध्ये एक पाल ह्या कामाची असू द्या. खुणांत बोलणारा एक पोरगा, आवाजात सांगणारी एक पोरगी, नि आत यायला सपाट वाट.

वस्तीत अशी माणसं कुठं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. कुठल्या झोपडीत कोण खाटेवर आहे, कुठल्या घरात मुकी बहीण आहे. अंक वाचून झाला की घडी घाला, नि त्या दारात जा.