बिऱ्हाड हवे? आधी आडनाव सांगा!

“जागा भाड्याने देणे आहे. स्टेशन दहा मिनिटांवर, शाळा जवळ, पाणी मुबलक, वस्ती सभ्य.” ठाणे, मुलुंड, डोंबिवलीकडच्या असल्या जाहिराती आमच्या वाचकांची मुले नोकरी लागताच डोळ्यांत तेल घालून वाचतात. स्टेशन, शाळा, पाणी कोणासही समजते. ‘सभ्य वस्ती’ म्हणजे काय, हे मात्र जिना चढून गेल्यावर समजते. नळ-मोरी दाखविण्याआधीच घरवाला विचारतो, “आपण कोण?” आडनाव ऐकले, की जागा कालच दुसऱ्यास दिलेली असते! सुताराच्या पोराने घडविलेल्या दारातून सुताराच्याच पोराला परत फिरावे लागते.

हा रोग जुना आहे. परदेशी विद्या संपादून 1917 साली बडोद्यास नोकरीवर गेलेल्या डॉ. आंबेडकरांना त्या सबंध शहरात बिऱ्हाड मिळाले नाही. पारशी नाव सांगून ते पारशांच्या उतारशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेले लोक येऊन त्यांना बाहेर काढते झाले. पुढे 1950 साली राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमाने दुकाने, खानावळी, विहिरी, तळी, रस्ते सर्वांस मोकळे केले. भाड्याच्या खोलीचे नाव त्यात नाही. अहमदाबादेच्या एका पारशी गृहसंस्थेने आपल्याच जमातीस सभासद करण्याचा नियम केला होता, तो 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. म्हणजे विहीर मोकळी, उंबरा बंद!

पाच ठिकाणी नकार मिळालेला माणूस सहाव्या ठिकाणी काय करतो? मागतील ती अनामत देतो आणि कागदावाचून राहतो. येथेच तो नागवला जातो. बंधूंनो, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती चुकविणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अगर दोन्ही. करार नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मुलास मुंबईकडे धाडताना भाकरीबरोबर एवढे ज्ञान बांधून द्या.

आता थोडे कडू बोलतो. 2023 साली मुलुंडात एका मराठी बाईस जागा नाकारली, तेव्हा आमच्या लोकांनी मोठा गिल्ला केला. योग्यच केला. पण तालुक्याच्या गावी उसाच्या पैशावर स्लॅब टाकून ज्यांनी चार खोल्या भाड्यास काढल्या, ते कोण आहेत? आमचेच पाटील, आमचेच देशमुख, आमचेच माळी! बौद्ध गुरुजी किंवा मातंग नर्सबाई खोली पाहावयास आली, म्हणजे तुमच्या ओसरीवर कोणता प्रश्न निघतो? “आमची काही हरकत नाही हो, पण घरातली म्हातारी ऐकत नाही,” हे उत्तर आम्ही इतक्या तोंडून ऐकले आहे, की सगळ्या जिल्ह्यास मिळून एकच म्हातारी असावी असे वाटते.

जूनमध्ये शाळा उघडतील, नवे गुरुजी येतील, खोल्यांची विचारपूस सुरू होईल. तुमच्या ओसरीवर कोणी येईल, त्यास भाडे सांगा, पाणी कधी येते ते सांगा आणि किल्ली द्या. आडनाव करारावर लिहिताना कळेलच.