झोपलेल्या डॉल्फिनला उठवू नका

अमेरिकेत मुलांकडे गेलं की आपल्यापैकी काहीजणी हवाई बेटांवरही जाऊन येतात. तिथल्या बिग आयलंडवरचा किलाउएया ज्वालामुखी जरूर पाहा. पण कुणी ‘डॉल्फिनबरोबर पोहायला चला’ म्हटलं, तर माझं मत एकच: नको.

तिथले स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात भक्ष्य शोधतात आणि दिवसा केआलाकेकुआसारख्या शांत खाडीत विसावा घेतात. म्हणजे आपली पोहण्याची वेळ ती नेमकी त्यांची झोपेची वेळ. म्हणून २०२१ पासून तिथे नियमच आहे. त्यांच्यापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर लांब राहायचं.

‘हात तर लावला नाही, मग हिंसा कसली?’ असं काहीजणी विचारतील. पण इरियावहियं सूत्रात जिवाला थकवल्याची, त्याच्या जागेवरून हलवल्याचीही क्षमा आपण मागतोच ना? तान्हं बाळ झोपलं की घरात आपण कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही. तेवढीच काळजी तिथे घ्यायची.

किनाऱ्यावरून दुर्बिणीने पाहा. हवेत उडी मारून ते स्वतःभोवती गिरक्या घेतात, ते लांबूनही सुंदरच दिसतं. नातवंडांनाही असंच पाहायला शिकवा.